जर्मनीतली वाई

आम्ही फ्रान्समध्ये राहतो. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत बिल्डिंगांच्या गटांना देशांची नावं दिलेली आहेत, त्यामुळे आमचा वन बेडरूम फ्लॅट फ्रान्समध्ये आहे, किराणा मोरोक्कोत मिळतो आणि केस कापायला नवरा रशियात जातो. इतके देश रोज पायी तुडवणाऱ्या माणसाला परदेशाचं कौतुक फारसं उरत नाही. जर्मनी तेवढी बिल्डरकडून राहून गेली. म्हणून तिथे जायला आम्हाला विमानाची तिकिटं काढावी लागली.

माझा धाकटा भाऊ स्टुटगार्टला नोकरी करतो. आईबाबा थंडीत कऱ्हाडहून माझ्याकडे राहायला आले होते आणि मे महिन्यात सगळ्यांनी मिळून त्याच्याकडे जायचं ठरलं. त्याचं घर बघायचं, मग भाड्याची गाडी घेऊन चार-पाच दिवस ब्लॅक फॉरेस्टमधल्या निसर्गरम्य रस्त्यांवरून फिरायचं. गाडी मी चालवणार. भावाला तेव्हा सुट्टी नव्हती. नवऱ्यालाही रजा मिळाली नाही, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटतंय असं त्याने दोन-तीनदा हसतमुखाने सांगितलं.

रस्ता आखायचं काम बाबांनी न विचारता अंगावर घेतलं. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. सगळी नोकरी त्यांनी खात्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून काढली. स्टिअरिंगला आयुष्यात हात लावला नाही, पण गाडी कशी हाकावी हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण आम्हाला शाळेत शिकवली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उंट आलाच नाही, जीप आली.

तर बाबा रोज सकाळी माझ्या लॅपटॉपवर जर्मनी उघडून बसायचे. उपग्रहाच्या फोटोत त्यांना किल्ले, तळी, द्राक्षाचे मळे दिसत नसत. त्यांना रस्त्याखालच्या मोऱ्या दिसत. "पाणी कसं काढलंय बघ बाजूला! नाहीतर आपला कंत्राटदार," असं म्हणून ते अर्धा तास एकाच वळणावर रेंगाळत. ब्लॅक फॉरेस्ट हा आधी केक नसून जंगल आहे, हे पचायलाच त्यांना दोन दिवस लागले. मग त्यांनी भावाला फोन लावला.

"तिकडे सरकारी विश्रामगृहाचं बुकिंग कुणाकडे असतं? कलेक्टर ऑफिसला?"

"बाबा, इथे विश्रामगृह नसतं. हॉटेल असतं."

"अरे, खानसामा असलेलं काहीतरी असेलच की. साहेब लोक दौऱ्यावर जाऊन राहतात कुठे मग?"

भावाने कसंबसं समजावलं आणि वर हेही सांगितलं की रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड आदल्या दिवशीच घेऊन ठेवायचं. बाबांना हे पटलं नाही. रविवारी दुकान बंद ठेवून देश प्रगत झालाच कसा, हा त्यांचा प्रश्न होता. मीही एक शंका विचारून घेतली. इथे चहा हवा असला की आम्ही गाडीतून उतरत नाही. कॅफेटेरियासमोर गाडी उभी करायची, हॉर्न द्यायचा, की कडक चहाचे कप खिडकीत हजर. "तिकडे हॉर्न दिला तर?" भाऊ म्हणाला, "ताई, तर पोलीस येतील. चहा येणार नाही."

अखेर मार्ग तयार झाला. बाबांनी तो माझ्याकरवी ऑफिसात रंगीत छापून आणवला. तळ्याकाठचा मुक्काम, धबधबा, डोंगरमाथ्यावरून जाणारा लांबच लांब रस्ता, आणि सगळ्यात वर, खात्याच्या दौऱ्याच्या कागदावर असतं तसं, 'प्रवासी : तीन'.

मी मोजलं. मी, माझी लेक, बाबा, आई. चार.

"अगं, तिला घाट कुठे झेपतोय," बाबा म्हणाले. "ती राहील त्याच्याकडे. त्याचं घर लावून देईल, चार दिवस घरच्या पोळ्या खाऊ घालेल. पोरगं वाळलंय."

आई चार पावलांवर ओट्याशी उभी होती. आमच्या फ्लॅटमध्ये कुणापासून काही लपवायचं तर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडावा लागतो. तिने ऐकलं आणि कणकेचा गोळा उगाच पुन्हा तिंबायला घेतला.

आईला गाडी लागते. हे आमच्या घरात आडनावाइतकं पक्कं होतं. लहानपणी महाबळेश्वरला निघालो की आईला वाईला तिच्या मावशीकडे उतरवायचं आणि आम्ही पसरणीचा घाट चढायचा. कासला गेलो तर आई साताऱ्यात. कुंभार्ली उतरून कोकणात गेलो तर आई पाटणला, बाबांच्या एका कारकुनाच्या घरी. आईने आमच्याकडच्या सगळ्या घाटांच्या अलीकडची गावं पाहिली आहेत, पलीकडचं एकही नाही. परत येताना आम्ही तिच्यासाठी स्ट्रॉबेरी आणायचो. धुवून, देठं काढून ती आम्हालाच वाढायची. सुरुवातीला तिला घाटात न्यायचा प्रयत्न झाला होता म्हणे, पण दर वेळी चौथ्या-पाचव्या वळणाला पिशवी. गोळी घेतली तर आईचे डोळे मिटायचे ते थेट मुक्कामाला उघडायचे, म्हणजे जाऊन न गेल्यासारखंच. मग सगळ्यांनी सोयीचा मार्ग काढला, आणि आईनेही तो निमूट मान्य केला.

आता स्टुटगार्ट म्हणजे जर्मनीतली वाई होणार होती. मला राग आला. खरं म्हणजे इतका राग आला की मी बाबांना काही बोललेच नाही, कारण बोलले असते तर एकदम पसरणीपासून सुरुवात केली असती.

बोलली आई. हात कणकेतच होते.

"मला इथे नाही लागली गाडी."

"काय?"

"इथे आल्यापासून एकदाही नाही लागली. अबुधाबीला जाऊन आलो. शारजाला गेलो. रास अल खोरच्या भाजी मार्केटला गेलो. काही झालं नाही मला."

"अगं, इथले रस्ते म्हणजे फूटपट्टी," बाबा म्हणाले. "वळणच नाही तर लागेल काय? तिकडचा रस्ता बघ, असा आहे." आणि त्यांनी हवेत जिलबी काढली.

"मला जंगल बघायचंय," आई म्हणाली. "इथे प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाण्याची नळी. कऱ्हाडला दारातलं चिंचेचं झाड तेवढं. जंगल मी टीव्हीतच बघितलंय आजवर."

आईला काहीतरी हवं आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आजवर तिला फक्त चालायचं. काहीही चालायचं.

बाबांनी खात्याच्या माणसासारखा तोडगा काढला. परीक्षा. रास अल खैमाला जबल जैस नावाचा डोंगर आहे, त्यावर थेट माथ्याजवळ जाणारा वळणावळणांचा रस्ता आहे. तिथे पोट शांत राहिलं तर आई जर्मनीत आमच्याबरोबर, नाहीतर भावाकडे. "ठरलं?" आई म्हणाली, "ठरलं." घोडामैदान जवळच होतं, शनिवारी.

मधले दिवस आमच्या घरात जो अभ्यास चालला तो मी बारावीलाही केला नव्हता. आल्याच्या वड्या थापल्या गेल्या. लिंबं आणली, एक हुंगायला, बाकीची धीराला. ड्रॅगन मार्ट या चिनी बाजारातून मनगटाला बांधायचे पट्टे आणले, त्यांवर कुठलीतरी नस दाबणारं बटण होतं. आईच्या कऱ्हाडच्या जावेने फोनवरून सांगितलं की पोटाला वर्तमानपत्र बांधून बसायचं, रामबाण उपाय. आता दुबईत मराठी वर्तमानपत्र कुठून आणायचं? लेक म्हणाली, "आजी, यू कॅन यूज माय टॅबलेट, इट हॅज न्यूज." शेवटी मोरोक्कोतल्या किराणावाल्याकडून मल्याळी पेपर आणला. आईने तो पदराआड खोचला. पोटाला भाषा कळत नसावी, ही आशा.

शनिवारी सकाळी निघालो. मी स्टिअरिंगवर. बाबा शेजारी, हातात जर्मनीच्या मार्गाची छापील प्रत, कारण ही रंगीत तालीम होती. मागे आई आणि लेक. आईच्या मांडीवर थर्मास, पायाशी पुऱ्यांचा डबा, बाजूला चिप्स, टिश्यू, पाण्याच्या बाटल्या आणि रिकाम्या कॅरीबॅगची चळत. बाबा बसतानाच म्हणाले, "यल्ला." 'चला'साठीचा हा अरबी शब्द ते बिल्डिंगच्या वॉचमनकडून शिकले होते आणि वाटेल तिथे वापरत होते.

डोंगर लागेपर्यंत आई ठणठणीत. "बघ, काही होत नाहीये," असं ती मधूनमधून सांगत होती, आणि तेवढ्यात कुणीतरी काहीतरी मागत होतं. लेकीला चिप्स. बाबांना चहा, अर्धा कप, पण गरम. मला पाणी. मग बाबांना चष्म्याचा रुमाल, तो पर्समध्ये, पर्स डब्याखाली. प्रत्येक वेळी आई खाली वाकून पिशवीत डोकं घालत होती.

घाट सुरू झाला. रस्ता सुरेख, रुंद, दोन्ही बाजूंना उघडे तपकिरी कडे. बाबा खूश झाले. "हे वळण जर्मनीतल्या आपल्या दुसऱ्या दिवसासारखं आहे! गिअर बदल. हॉर्न दे. हळू घे, हळू." मागून आवाज थांबला होता. मी आरशात बघितलं. आईने लिंबू नाकाशी धरलं होतं, आणि तिचा चेहरा लिंबाच्याच रंगाचा झाला होता.

"आजी, आर यू ओके?"

आजी ओके नव्हती. मी कडेला गाडी घेईपर्यंत पिशवी लागली. मग थोडं वर गेल्यावर पुन्हा. दुसऱ्या वेळी तर लेकीने मागितलेलं बिस्कीट डब्यातून काढता काढताच. बिस्कीट तिने आधी दिलं आणि मग पिशवी घेतली. माझी आई तशीच आहे.

वर बघायचा कट्टा होता. कडाक्याची थंडी, खाली डोंगरांच्या घड्याच घड्या. माणसं फोटो काढत होती. आई कट्ट्याच्या कडेला बसून चूळ भरत होती. बाबा तिच्याजवळ गेले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी पाण्याची बाटली धरली, एवढं खरं, पण वर म्हणालेच, "मी म्हटलं नव्हतं? खलास. परीक्षा झाली." आवाजात दुष्टपणा नव्हता. आपला अंदाज बरोबर आला की माणूस बोलतो तसं बोलले, पुलाचा भार सांगावा तसं. आई फक्त म्हणाली, "राहीन मी त्याच्याकडे. त्यालाही बरं वाटेल." आणि तिने मनगटाचे पट्टे काढून माझ्या लेकीच्या हातात घातले. मला रडू आलं. ते मी थंडीवर ढकललं.

उतरायची वेळ झाली तेव्हा आई गाडीला टेकूनच उभी होती. गल्फमध्ये कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय एसी. आमच्या गाडीचा एसी पुढे फ्रीजसारखा येतो आणि मागे नुसता आवाज येतो. मी म्हटलं, "आई, तू पुढे बस. गार वारा लागेल तोंडावर."

"पुढे?" हे आई आणि बाबा दोघं एकदम म्हणाले.

"बाबा, तुम्ही मागे."

बाबांनी गाडीच्या मागच्या दाराकडे असं बघितलं, जणू त्यांची गडचिरोलीला बदली झाली आहे. पण बायकोची अवस्था समोर होती, त्यामुळे ते बसले. आणि मागे जो बसतो त्याच्या मांडीवर थर्मास येतो, हा आमच्या गाडीचा नियम आहे. तो कुणी केलेला नाही आणि कुणी मोडलेलाही नाही.

पहिल्या वळणाला लेक म्हणाली, "आजोबा, चिप्स." बाबा वाकले. दुसऱ्या वळणाला, "नॉट दिस वन, आजोबा, द रेड वन." बाबा पुन्हा वाकले. मग त्यांना वाटलं, उतारावर माझ्या ड्रायव्हिंगला मार्गदर्शनाची गरज आहे, म्हणून त्यांनी छापील कागद उघडून तिसऱ्या दिवसाचा रस्ता मोठ्याने वाचायला घेतला. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला. पुढची तीन वळणं काहीच ऐकू आलं नाही. बाबा आणि गाडीत गप्प, हे मी जन्मात अनुभवलं नव्हतं. मला आधी भीतीच वाटली.

इकडे माझ्या शेजारी आई ताठ बसली होती. आधी तिने डोळे मिटून घेतले होते. मग एक उघडला. मग दोन्ही. हात समोरच्या फळीवर. एक वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ती एकदम म्हणाली,

"अगं, इथून वळण येताना दिसतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे आधी दिसतं. मग येतं. मागे नुसतंच येतं." ती वळणाच्या आधीच त्या बाजूला जरा झुकायला लागली, जशी मी झुकते, जसे बाबा इतकी वर्षं झुकत आले. "तो बघ रस्ता, तिथे डावीकडे वळणार आता. वळला! अगं बाई, शेळी! त्या कड्यावर शेळी आहे, ती बघ!" तिच्या गालांवर रंग आला होता. लिंबू कधीच मांडीवरून खाली घरंगळून गेलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. बाबांचाच होता, पण आतून कुठूनतरी, विहिरीतून आल्यासारखा.

"गाडी थांबव."

"बाबा, इथे वळणावर नाही थांबवता येत. तुम्हीच मघाशी..."

"थांबव म्हणतो ना!"

आईने मागे वळूनही बघितलं नाही. तिने दारातल्या खणातून कॅरीबॅग काढली, झटकून उघडली आणि खांद्यावरून मागे धरली. इतक्या वर्षांचा सराव होता, फक्त दिशा बदलली होती. पिशवी बरोबर वेळेवर पोचली. लेक किंचाळली, "आजोबा! इयू!" आणि मग सगळ्यांत महत्त्वाची मदत म्हणून तिने पट्टे काढून आजोबांच्या मनगटांना बांधले. खाली पोचेपर्यंत बांधकाम खात्याचे निवृत्त अधिकारी डोळे मिटून, आईने काढून दिलेला मल्याळी पेपर पोटाशी धरून, नातीच्या खांद्यावर मान टाकून पडले होते. मी हसले. खूप हसले. वडील आजारी असताना हसू नये हे मला माहीत आहे, पण गाडी मला चालवायची होती आणि हसू दाबून वळणं घेता येत नाहीत.

घरी आल्यावर आईने खिचडी टाकली. बाबा सोफ्यावर आडवे पडून पेन्सिलीने मार्गावर काहीतरी खोडत होते. मी डोकावले. डोंगरमाथ्यावरचा रस्ता गेला होता, धबधबा गेला होता, उरलेली जर्मनी दुबईहून सरळ होती.

"हे काय?"

"जास्तच वळणं आहेत," ते म्हणाले. "नाहीतर असं करा, तुम्ही तिघी जाऊन या. मी थांबतो त्याच्याकडे. कुणीतरी थांबलेलं बरं."

"थांबा की," आई ओट्याजवळूनच म्हणाली. "पोळ्या येतात का तुम्हाला?"

आईने हात पुसले, बाहेर आली, बाबांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि खोडलेलं सगळं पुन्हा वाचता येईल असं नीट लिहून काढलं. धबधबा, डोंगरमाथा, सगळं. वरच्या 'तीन'चे तिने 'चार' केले. "जंगल बघायला जायचं आणि सरळ रस्त्याने जायचं, असं कसं?" म्हणाली. "सपाटीला तुम्ही पुढे बसा. घाटात मी बसेन. तुम्हाला पिशवी देईन मी, काळजी करू नका."

जेवणं झाली. मी भांडी घासत होते आणि आई थर्मास विसळत होती. पाणी ओतता ओतता ती थांबली.

"म्हणजे मग," ती म्हणाली, "वाईला मी उगाचच बसायचे का गं?"

नळ चालू होता, पण ओट्यावरच्या नळाने काही लपत नाही, आणि बाहेर टीव्हीचा आवाज बंद झाला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिच्या ओल्या हातातला थर्मास घेतला, पुसला आणि फडताळात ठेवला. ती म्हणाली, "असो. मावशी फार चांगली होती." आणि गॅसची शेगडी पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रॅगन मार्टला निघालो, भावासाठी पातेली घ्यायला. पाच मिनिटांचा रस्ता, सरळ, नाव घ्यायलासुद्धा वळण नाही. मी गाडीत बसून एसी लावला. बाबा नेहमीसारखे पुढच्या दाराशी गेले, दार उघडलं आणि उघडं धरून उभे राहिले. आईला आधी कळलंच नाही. ती सवयीने मागच्या दाराशी गेली होती.

"अगं, बस ना," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "ऊन लागतंय."

आई बसली. बाबांनी तिचा पदर आत घेतला, दार लावलं, मागे जाऊन पिशव्या मांडीवर घेतल्या. मग मी गाडी बाहेर काढली, आणि मागून आवाज आला, "डावा इंडिकेटर दे."